चौदाशे ऐंशी पौंड वजनाचा प्रश्न: मर्यादित पैशांत कायमच्या वास्तव्यासाठी मोटरहोम की ट्रेलर

हे प्रकरण मी सल्ला दिलेल्या अमेरिकेतील एका जोडप्याचे आहे. गृहस्थ ६१ वर्षांचे असून शाळेच्या इमारतींची देखभाल करणाऱ्या विभागातून निवृत्त झाले होते. त्यांच्या पत्नी ५८ वर्षांच्या होत्या आणि काही लहान व्यवसायांचे हिशेब संगणकावरून घरबसल्या लिहीत होत्या. घर विकून कर्ज फेडल्यावर जी रक्कम उरली, तिच्यातील ४६,००० डॉलर त्यांनी चाकांवरच्या घरासाठी (स्वतःचे इंजिन असलेले मोटरहोम किंवा गाडीमागे ओढायचा ट्रेलर) आणि त्यानंतर उद्भवणाऱ्या सर्व खर्चांसाठी मिळून बाजूला ठेवले होते. दरमहा हाती येणारे उत्पन्न सुमारे २,९०० डॉलर होते. सोबत एक मध्यम आकाराचा कुत्रा होता आणि दारात दहा वर्षे जुना, ९६,००० मैल चाललेला, अमेरिकेत ‘हाफ-टन’ म्हणतात त्या, कमी भार पेलणाऱ्या वर्गातला पिकअप ट्रक होता. त्यांची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत आणि आकडे सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत.

हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात, क्वार्ट्‌झसाइटजवळच्या सरकारी जमिनीवर काढायचा, उन्हाळ्यात कोलोरॅडोतील एखाद्या राष्ट्रीय वनातील कॅम्पग्राउंडवर ‘होस्ट’ म्हणून काम करून त्या बदल्यात मोफत जागा मिळवायची आणि मधल्या दोन ऋतूंत अशा घरांसाठीच्या भाड्याच्या पार्कमध्ये महिना महिना थांबायचे, अशी त्यांची योजना होती. वर्षाचा एकूण प्रवास त्यांनी ५,००० मैल धरला होता. निवडीच्या दृष्टीने ही फार महत्त्वाची माहिती आहे, कारण जे कुटुंब वर्षातले बहुतेक दिवस एका जागी उभे राहणार आहे त्याच्या गरजा आणि जे दर तिसऱ्या दिवशी पुढचा मुक्काम गाठणार आहे त्याच्या गरजा सारख्या नसतात. विक्रीच्या मैदानात फिरताना मात्र दोघांनाही तेच सोफे आणि तेच दिवे दाखवले जातात.

समोर असलेले चार पर्याय

पहिला पर्याय बावीस वर्षे जुन्या, ३२ फुटी, पेट्रोलवर चालणाऱ्या क्लास ए मोटरहोमचा होता. बससारखा सपाट चेहरा, आत ऐसपैस जागा, दोन स्लाइडआउट (थांबल्यावर बाहेर सरकवून जागा वाढवायचे भाग) आणि किंमत २६,००० डॉलर. दुसरा पर्याय बारा वर्षे जुन्या, २८ फुटी क्लास सी मोटरहोमचा होता. व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या या प्रकारात चालकाच्या डोक्यावर एक पलंग असतो. तिसरा फिफ्थ व्हील म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर जोडला जाणारा दोन पातळ्यांचा मोठा ट्रेलर. आणि चौथा, मागच्या बंपरखालच्या हिचला (जोडणीच्या सांध्याला) जोडायचा साधा ट्रॅव्हल ट्रेलर.

पत्नींचे मन क्लास ए कडे झुकलेले होते आणि त्यामागचे कारण वजनदार होते. रात्री एखाद्या निर्मनुष्य जागी भीती वाटली, तर मोटरहोममध्ये दार न उघडता पुढे जाऊन गाडी सुरू करता येते; ट्रेलरमध्ये आधी अंधारात बाहेर पडावे लागते. गृहस्थांना फिफ्थ व्हील आवडला होता, कारण त्यात उभे राहून वावरता येते आणि सामान ठेवायला तळघरासारखी मोठी जागा असते. ट्रॅव्हल ट्रेलर दोघांपैकी कोणालाच विशेष आवडला नव्हता.

इंधनाच्या खर्चावर दोघांत बराच वाद झाला होता, म्हणून तो मुद्दा आधी निकालात काढला. क्लास ए मोटरहोम गॅलनला साधारण ८ मैल देईल आणि ट्रेलर ओढणारा पिकअप १० मैल देईल असे धरले, तर ५,००० मैलांना अनुक्रमे ६२५ आणि ५०० गॅलन लागतात. वर्षाला १२५ गॅलनचा हा फरक एका चांगल्या टायरच्या किमतीच्या आसपास जातो. इंधनावर लोक सर्वाधिक बोलतात, पण कमी फिरणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत निवड त्यावर ठरत नाही.

दाराच्या खांबावरची पट्टी

पिकअपच्या माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता ९,२०० पौंड दिली होती आणि एका विक्रेत्याने त्या आकड्यावर बोट ठेवून मैदानातला जवळजवळ प्रत्येक ट्रेलर ‘सहज ओढला जाईल’ असे सांगितले होते. प्रत्यक्षात चालकाच्या दाराच्या खांबावर एक पिवळी-पांढरी पट्टी असते आणि तिच्यावर माणसे व सामान मिळून गाडीवर जास्तीत जास्त किती वजन असावे हे छापलेले असते. या पिकअपवर तो आकडा १,४८० पौंड होता. माणसे, कुत्रा, हौद्यातले सामान, हिचचे लोखंड आणि ट्रेलरच्या नाकाचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, हिचवर येणारा भार, हे सगळे याच आकड्यात बसवावे लागते. हाफ-टन वर्गात ओढण्याची क्षमता संपण्याच्या खूप आधी हा पेलोड संपतो, आणि या प्रकरणातला निर्णायक आकडाही तोच ठरला.

हिशेब असा होता. दोन माणसे ३३० पौंड, कुत्रा ४५, हौद्यातली हत्यारे व किरकोळ सामान १५०, भार विभागणारा हिच ९०; बेरीज ६१५. म्हणजे ट्रेलरच्या नाकासाठी ८६५ पौंड उरले. ट्रॅव्हल ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर असावा लागतो. तो १० टक्क्यांच्या खाली गेला, तर महामार्गावर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि ते झुलणे आवरणे चालकाच्या हाती राहत नाही. १३ टक्के धरले, तर ८६५ पौंडांत साधारण ६,६५० पौंडांचा भरलेला ट्रेलर बसतो. माहितीपत्रकातल्या ९,२०० पौंडांपासून आपण येथवर खाली आलो.

फिफ्थ व्हील याच ठिकाणी बाद झाला. त्याच्या वजनाचा १५ ते २५ टक्के हिस्सा पिकअपच्या हौद्यावर येतो. पाहिलेला ट्रेलर सामानासह १०,००० पौंडांच्या घरात जाणार होता, म्हणजे २० टक्क्यांनी २,००० पौंड, आणि गाडीची एकूण मर्यादाच १,४८०. एक-टन वर्गातला पिकअप घेतला असता, तर हे गणित जमले असते, पण मग अर्ध्याहून अधिक पैसे त्या गाडीतच गेले असते.

क्लास सी मोटरहोमही वजनावरच अडला, हे दोघांना अनपेक्षित होते. मोटरहोमच्या आतही माणसे व सामान मिळून किती वजन चालेल याची पट्टी असते, आणि भरलेल्या टाकीतले पाणीही त्यातच मोजावे लागते. या गाडीवर १,४२० पौंड लिहिले होते. त्यातून माणसे व कुत्रा मिळून ३७५ आणि ४० गॅलन पाण्याचे, गॅलनला ८.३ पौंडांप्रमाणे, सुमारे ३३२ पौंड वजा केले की ७१३ पौंड उरतात. सुटीवर जाणाऱ्या कुटुंबाला ते पुरतात. ज्यांच्याकडे दुसरे घरच नाही, त्यांची भांडी, चारही ऋतूंचे कपडे, कागदपत्रे, औषधे, हत्यारे, खुर्च्या आणि कामाचे साहित्य ७१३ पौंडांत बसवणे अवघड आहे. पट्टी वाचण्याआधी खरेदीची बोलणी सुरू करू नयेत असे माझे मत आहे. कपाटे किती आहेत हे पाहून भुलण्यात अर्थ नाही, कारण कपाटांची जागा आणि ती भरण्याची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत.

कोणता बिघाड परवडेल

उरले क्लास ए मोटरहोम आणि ट्रॅव्हल ट्रेलर. वजनाच्या बाबतीत क्लास ए उजवे होते. त्यामुळे येथे प्रश्न बदलून विचारला: वस्तू बिघडेल त्या दिवशी हे दोघे कुठे झोपतील?

मोटरहोमचे इंजिन, गिअर किंवा ब्रेक बिघडले की घरच कार्यशाळेत जाते. इतकी मोठी गाडी उचलणारी कार्यशाळा प्रत्येक गावात नसते, जुन्या सांगाड्याचे भाग मागवावे लागतात, आणि तोवर कुत्र्यासह मोटेलमध्ये राहावे लागते. पत्नींचे उत्पन्न रोजच्या कामावर अवलंबून असल्याने अशा आठवड्यात खर्च वाढतो त्याच वेळी कमाई घटते. शिवाय वाणसामान आणायला किंवा डॉक्टरकडे जायला दर वेळी घर हलवणे शक्य नसल्याने मागे ओढायची छोटी गाडी हवी, आणि ती चारही चाके रस्त्यावर ठेवून ओढता येईल अशी हवी. प्रत्येक गाडीला ते चालत नाही. म्हणजे पिकअप विकून दुसरी गाडी घ्यायची आणि दोन इंजिने, दोन गिअरबॉक्स व दोन विमे सांभाळायचे. ट्रेलरच्या बाबतीत इंजिन एकच राहते. ते बिघडले तर घर कॅम्पवर उभे राहते, आणि ट्रेलरचा पंप किंवा तापक बिघडला तर पिकअप गावात जाऊन भाग आणू शकतो.

बावीस वर्षांच्या गाडीचे आणखी दोन खर्च किमतीत दिसत नव्हते. सहा मोठ्या टायरांवरच्या खाचांची खोली उत्तम होती, कारण गाडी फारशी चाललीच नव्हती. पण टायर वयानेही मरतात. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनंतरच्या मालिकेतले शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. या गाडीचे सर्व टायर दहा वर्षांहून जुने निघाले. दुसरा खर्च जागेचा. अनेक खाजगी पार्क दहा वर्षांहून जुन्या गाडीला दीर्घ मुक्कामासाठी घेत नाहीत किंवा छायाचित्र पाहून ठरवतात. सरकारी जमिनीवर हा नियम नाही, पण वसंत आणि शरद ऋतूंतला मुक्काम खाजगी पार्कमध्येच होणार होता.

रात्री चटकन निघता येण्याचा पत्नींचा मुद्दा या सगळ्यात कमी झाला नाही, आणि तो मी हलका मानत नाही. त्याचे उत्तर वाहनाच्या प्रकाराऐवजी मुक्कामाच्या निवडीतून काढले: एकट्या, अनोळखी जागी रात्र न काढता जेथे होस्ट किंवा शेजारी असतील अशाच ठिकाणी थांबायचे, आणि प्रवासातल्या रात्री ट्रेलर पिकअपपासून सोडवायचाच नाही. हे पूर्ण समाधान नव्हते. ती एक तडजोड होती आणि दोघांनी ती तशीच स्वीकारली.

पाण्याचा शोध

६,६५० पौंडांच्या मर्यादेत बसणारे दोन वापरलेले ट्रेलर निवडले आणि दोन्हींसाठी स्वतंत्र तपासनीस नेमला. या खर्चाला गृहस्थांची नाराजी होती, कारण त्यांचे आयुष्य इमारती दुरुस्त करण्यात गेले होते. परंतु विक्रेत्याशी संबंध नसलेल्या माणसाचा लेखी अहवाल घासाघीस करतानाही कामी येतो.

जुन्या ट्रेलरचा खरा शत्रू पाणी आहे. छतावरच्या खिडक्या आणि कडा यांभोवतीचा सीलंट (फटी बुजवणारा थर) दर वर्षी पाहावा लागतो. तो तडकला की थेंब थेंब पाणी भिंतीत शिरते आणि बाहेरून काही न दिसता आतले लाकूड कुजते. पहिल्या ट्रेलरच्या भिंती फायबरग्लासच्या गुळगुळीत, चिकटवलेल्या थरांच्या होत्या आणि दिसायला तो अधिक देखणा होता. उजव्या पुढच्या कोपऱ्याशी तळहात दाबल्यावर भिंत किंचित आत गेली, ओलावा मोजणाऱ्या उपकरणाचा काटा तेथेच वर गेला आणि तिरप्या उजेडात बाहेरच्या थरावर फुगवटा दिसला. थर सुटलेली अशी भिंत स्वस्तात दुरुस्त होत नाही. विक्रेत्याने किंमत उतरवण्याची तयारी दाखवली, तरी तो सोडला.

दुसरा ट्रेलर सात वर्षे जुना, २४ फुटी, लाकडी चौकटीवर पन्हळी ॲल्युमिनियमचा पत्रा असलेला. पार्कमधले जाणकार याला काहीसे तुच्छतेने पाहतात. माझ्या मते थोड्या पैशांत कायमचे राहणाऱ्यासाठी ही बांधणी अधिक सोयीची आहे, कारण गळती झालीच तर पत्रा उलगडून कुजलेली पट्टी बदलता येते आणि हे काम हातात करवत धरता येणारा माणूस स्वतः करू शकतो. त्याचे रिकामे वजन ४,९०० पौंड आणि कमाल वजन ६,८०० पौंड होते, म्हणजे १,९०० पौंड सामानाची मुभा. पेलोडच्या हिशेबाने मात्र ६,६५० च्या वर जायचे नव्हते. एकच स्लाइडआउट होता. स्लाइडआउटमुळे जागा मिळते, पण प्रत्येकासोबत एक मोटर, एक रबरी कड आणि पाणी शिरायची एक वाटही येते.

पैशांची मांडणी

ट्रेलर १४,५०० डॉलरला ठरला. कर व नोंदणी १,२००, दोन्ही तपासण्या ७००, हिच आणि ब्रेक नियंत्रक १,०००, नवे टायर, बेअरिंग आणि ब्रेकचे काम १,३००, छताचा सीलंट व नळजोडणी ५००, बॅटऱ्या व सौर पॅनल २,६००, गादी आणि कामाचे टेबल ६००. एकूण २२,४०० डॉलर. उरलेल्या २३,६०० पैकी ८,००० डॉलर पिकअप व ट्रेलरच्या दुरुस्तीसाठी, ६,००० आजारपण व अडीअडचणीसाठी ठेवले. शेवटचे ९,६०० डॉलर परतीचे. हे जीवन झेपेनासे झाले, तर ट्रेलर विकण्याची वाट न पाहता एखाद्या लहान घराची अनामत आणि पहिले काही महिने भागावेत, यासाठी ही रक्कम वेगळ्या खात्यात गेली.

एवढी रक्कम बाजूला ठेवण्याऐवजी मोठे, नवे वाहन घेता आले असते, आणि विक्रेते हप्त्यांवर ते सुचवतही होते. पण कायमचा पत्ता नसलेल्या ग्राहकाला कर्ज देताना अनेक बँका हात आखडता घेतात, आणि बऱ्याच उत्पादकांची हमी पूर्णवेळ वास्तव्याला लागू होत नाही; नवे घेण्याचे मोठे आकर्षण तेथेच संपते. विमाही पूर्णवेळ राहणाऱ्यांसाठीचा वेगळा घ्यावा लागतो, ज्यात घरमालकाच्या विम्याप्रमाणे इतरांना झालेल्या इजेची जबाबदारी येते.

एका बाबीकडे या जोडप्याने सुरुवातीला अजिबात लक्ष दिले नव्हते. दोघांपैकी कोणाचेही वय ६५ नसल्याने मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा लागू नव्हता आणि बाजारातून घेतलेल्या आरोग्य विम्यातले डॉक्टर बहुधा ठरावीक प्रदेशापुरते असतात. कायदेशीर पत्त्यासाठी फिरते लोक टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा निवडतात, कारण तेथे राज्याचा प्राप्तिकर नाही. परंतु कमी उत्पन्नाच्या कुटुंबासाठी त्या पत्त्यावर कोणता आरोग्य विमा मिळतो हे कराहून मोठे ठरू शकते. पत्ता ठरवण्याआधी तिन्ही राज्यांतल्या योजना पाहा, एवढाच सल्ला मी दिला.

वीज, गॅस आणि पाणी

ट्रेलरची जोडणी ३० अँपिअरची होती, म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॉट. मोठ्या मोटरहोमच्या ५० अँपिअर जोडणीत दोन तारांवर मिळून १२,००० वॉट मिळतात, म्हणून तेथे दोन वातानुकूलन यंत्रे चालतात. वाळवंटात वीजजोडणीच नसल्याने हा फरक हिवाळ्यात निरर्थक होता. पत्नींचा संगणक आणि इंटरनेटचे उपकरण मिळून १०० वॉट, सहा तास, म्हणजे ६०० वॉट-तास. त्यात दिवे, पंप आणि तापकाचा पंखा. १०० अँपिअर-तासांच्या दोन लिथियम बॅटऱ्या सुमारे २,५०० वॉट-तास साठवतात आणि ४०० वॉटचे पॅनल हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात दिवसाला सव्वा ते दीड किलोवॉट-तास देतात. ढगाळ हवेचे दोन दिवस यात निघतात. लिथियम बॅटऱ्या शिशाच्या बॅटऱ्यांहून कितीतरी हलक्या असतात, आणि बॅटरी ट्रेलरच्या नाकावरच बसत असल्याने पेलोडच्या तंग हिशेबात त्याचाही उपयोग झाला.

गॅसचा हिशेब थंडीपासून दूर राहायला शिकवतो. २० पौंडांच्या एका टाकीत साधारण ४,३०,००० बीटीयू उष्णता असते. तासाला ३०,००० बीटीयूचा तापक सतत चालला, तर ती चौदा तासांत संपते. पातळ भिंतींचा ट्रेलर गोठणाऱ्या हवामानात वापरायचा, तर एक दिवसाआड टाकी भरून आणावी लागेल.

पाण्याच्या बाबतीत ट्रेलर मोठ्या मोटरहोमपेक्षा उणा पडतो. ताज्या पाण्याची टाकी ४० गॅलनची आणि सांडपाण्याची ३० गॅलनची. काटकसर केली तरी पाच-सहा दिवसांत मोरीचे पाणी भरते. क्वार्ट्‌झसाइटजवळच्या ला पोसा या दीर्घ मुक्कामाच्या क्षेत्रात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येते, हंगामाचा परवाना त्या वेळी १८० डॉलर होता, आणि तेथे पाणी भरण्याची व मैला रिकामा करण्याची सोय आहे. हौद्यात ठेवायच्या सुट्या टाक्या घेतल्या की घर न हलवता हे काम होते. इतर सरकारी जमिनीवर साधारण चौदा दिवसांनी जागा सोडावी लागते, त्यामुळे तेथे अशा घराची दमछाक झाली असती.

पहिल्या हंगामानंतर

सर्व सामान भरल्यावर त्यांनी ट्रकांच्या थांब्यावरील काट्यावर वजन केले: ट्रेलर ६,२४० पौंड, नाकावरचा भार ७९० पौंड, म्हणजे १२.७ टक्के. पेलोडमध्ये ७५ पौंड उरले. हा आकडा समाधानाचा असला, तरी ऐसपैस नाही. पलंगाखालच्या पुढच्या कप्प्यात डबाबंद अन्न साठवायची सवय लागली, तर तो महिन्याभरात संपेल, म्हणून जड वस्तू आसाच्या वर आणल्या आणि दर हंगामाच्या सुरुवातीला पुन्हा वजन करायचे ठरले.

फेब्रुवारीत पिकअपचा पाण्याचा पंप गेला. गाडी चार दिवस कार्यशाळेत होती. ट्रेलर जागेवरच राहिला, पत्नींचे काम एक दिवसही थांबले नाही आणि दुरुस्तीनिधीतून सुमारे ७०० डॉलर गेले. दुसरीकडे, वाऱ्याच्या दिवशी ट्रेलर ओढणे गृहस्थांना अजूनही त्रासाचे वाटते आणि तो मागे घेऊन जागेवर लावताना दोघांत होणारी शाब्दिक चकमक संपलेली नाही. जेवणाच्या बाकावर बसून पत्नींची पाठ दुखू लागली होती, तेव्हा बाक काढून तेथे साधे टेबल आणि खुर्ची बसवली.

या निर्णयाचा पाया दारात आधीच उभा असलेला पिकअप हा होता. तो नसता, तर ओढणारी गाडी आणि ट्रेलर दोन्ही याच पैशांत घ्यावे लागले असते, आणि मग जास्त वजन पेलणारे एखादे लहान, कमी जुने क्लास सी मोटरहोम सरस ठरण्याची बरीच शक्यता होती. त्यांचा प्रवास ५,००० ऐवजी १५,००० मैलांचा असता, तरी रोज हिच जोडण्या-सोडण्याचा कंटाळा लक्षात घेऊन मी वेगळा विचार केला असता.

पुढचा प्रश्न पिकअपच्या वयाचा आहे. तो एक लाख मैलांच्या पुढे गेला आहे आणि तीन-चार वर्षांत बदलावा लागेल. तेव्हा थ्री-क्वार्टर-टन वर्गातला वापरलेला ट्रक घ्यावा, असा सल्ला मी लेखी दिला आहे. त्यासोबत ट्रेलरही मोठा घ्यावा अशी गृहस्थांची इच्छा आहे. पत्नींच्या मते ट्रेलर हाच ठेवून वाढलेला पेलोड मोकळा सोडावा. दुरुस्तीनिधीची रक्कम पाहता मी पत्नींच्या बाजूने आहे, आणि गृहस्थांनी पुढच्या वजनाच्या पावतीपर्यंत निर्णय लांबवला आहे.